आधी छत, मग सोलर: घरदुरुस्तीविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की कोल्हापुरात घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती वाळू लागतात, पहाटेचा गारठा जाणवू लागतो आणि गरम पाण्याची व्यवस्था नेमकी त्याच आठवड्यात बंद पडते, अशा आशयाची बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले पत्र प्रत्यक्षात सर्वांत शेवटी हाती आले. परंतु त्यातील प्रश्न जिवाशी संबंधित असल्याने ते आधी घेतले आहे.

प्रश्न: आमच्या न्हाणीघरात दोन वर्षांपूर्वी गॅस गिझर बसवला. गेल्या आठवड्यात माझी मुलगी अंघोळ करताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्तदाब आणि साखर तपासली. दोन्ही ठीक आहेत. गिझर नीट पेटतो, गॅसचा वासही येत नाही. तरीही शेजारी गिझर बदलण्यास सांगतात. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का? (एक गृहिणी, कसबा बावडा)

उत्तर: हे उत्तर वाचताच गिझर बंद करावा आणि तो न्हाणीघराबाहेर हलवेपर्यंत पुन्हा पेटवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. गॅस जळताना खोलीतील प्राणवायू खर्च होतो, आणि तो कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. त्यामुळे वास येत नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, असा अर्थ काढता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो आणि माणसाला धोका उमगण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते. थंडीत आपण झरोक्याची काच लावून घेतो, म्हणून असे प्रसंग याच दिवसांत अधिक घडतात. घरात गॅस गिझर आहे आणि मुलगी त्या वेळी न्हाणीघरात होती, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

नवा गिझर घेण्याची गरज बहुधा नाही. जागा बदलण्याची आहे. मागील दारी किंवा मोकळ्या गॅलरीत पावसापासून आडोसा करून गिझर टांगावा, तेथून गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी पाइप आत आणावा आणि त्याच वेळी बर्नर साफ करून घ्यावा. काही फूट पाइप आणि प्लंबरची एका दिवसाची मजुरी, एवढाच हा खर्च आहे. एक्झॉस्ट पंख्यावर विसंबून गिझर आतच ठेवू नये, कारण वीज गेली की पंखा थांबतो आणि गिझर मात्र चालूच राहतो. बाहेर जागाच नसेल, तर विजेचा गिझर घ्यावा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका असून मंगळवार पेठेत आमचे सुमारे चाळीस वर्षांचे स्लॅबचे घर आहे. घरात चार माणसे. अकरा वर्षांपूर्वी गच्चीवर पाणी तापवणारा 200 लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर बसवला. आता तो गळतो आणि त्याखालच्या खोलीत छताचे प्लास्टर पडू लागले आहे. नव्या सोलरसाठी 38,000 रुपये सांगितले आहेत. 700 चौरस फूट गच्चीला केमिकल कोटिंग करण्यासाठी चौरस फुटाला 45 रुपयांप्रमाणे 31,500. आणि आतील प्लास्टरसाठी 12,000. माझ्याजवळ एकूण साठ हजारच आहेत. सोलरला सरकारी अनुदान मिळेल, असेही एका विक्रेत्याने सांगितले. आधी काय करावे?

उत्तर: आपण तीन कामांचे तीन दर घेतले आहेत, परंतु माझ्या मते ही तीन कामे नसून एकाच दुखण्याची तीन रूपे आहेत. सोलर बसवताना त्याच्या स्टँडचे पाय गच्चीत भोके पाडून बोल्टने आवळले आहेत का, हे प्रथम पाहावे. तसे असेल तर गच्चीवरचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, त्या ठिकाणी अकरा वर्षांपूर्वीच फुटला आहे आणि टाकीतून ठिबकणारे पाणी त्याच भोकांतून स्लॅबमध्ये उतरत आहे. आता पाऊस नाही, ही आपल्या दृष्टीने उत्तम संधी आहे. सोलरला जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करावी आणि खालच्या खोलीतील ओलीच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी. आठ-दहा दिवसांत डाग आकसू लागला, तर पाणी सोलरचे आहे. त्यानंतर गच्चीची पन्हाळी बुजवून दोन इंच पाणी दोन दिवस तुंबवून ठेवावे. डाग पुन्हा पसरला, तर कोबाही दोषी आहे. या चाचणीला पैसा लागत नाही, केवळ धीर लागतो, आणि ती झाल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.

केमिकल कोटिंगबाबत माझे मत स्पष्ट आहे. कोब्याला भेगा असतील, तो पोकळ वाजत असेल किंवा उतार नीट नसल्यामुळे पाणी साचत असेल, तर त्यावर कितीही नामांकित कंपनीचा थर दिला तरी तो दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. आधी भेगा खोदून भराव्यात, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला गोलाई करून घ्यावी, पन्हाळीकडे उतार मिळवावा आणि मगच कोटिंगचा विचार करावा. संपूर्ण गच्ची करण्याची गरज आहे की सोलरभोवतालचा भाग आणि कडा पुरेशा आहेत, हे वरील चाचणीनंतर ठरेल. अनेकदा निम्म्या खर्चात काम भागते.

आतील प्लास्टरला मात्र हलके समजू नये. प्लास्टर पडलेल्या जागी गंजलेली सळई दिसते का, आणि आजूबाजूला काठीने ठोकल्यावर भदभद आवाज येतो का, हे पाहावे. सळई गंजली की ती फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून देते. अशा ठिकाणी नुसता सिमेंटचा गिलावा चढवणे म्हणजे गंज झाकून ठेवणे होय, आणि ते प्लास्टर उद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडू शकते. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, तिला गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने ती जागा भरावी लागते. आपले घर चाळीस वर्षांचे असल्यामुळे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलावून त्याचे मत लेखी घ्यावे. त्याचे शुल्क हा वाया गेलेला पैसा नव्हे. तोपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये.

आता सोलरविषयी. तो नेमका कोठून गळतो, हे प्रथम ठरवावे. नळी जेथे टाकीत शिरते तेथील रबरी रिंग कडक होऊन पाणी येत असेल, तर रिंगा बदलून काम होते. टाकीच्या बाहेरील पत्र्याखालून, इन्सुलेशन भिजवत पाणी येत असेल, तर आतली टाकी सडली आहे आणि तिच्यावर खर्च करू नये. आपल्याकडे बोअरचे पाणी मिसळत असल्यास क्षार साचून ही झीज लवकर होते.

नवा 200 लिटरचा सोलर घ्यावाच का, याचा हिशेब करू. चार माणसांना प्रत्येकी 20 लिटरची बादली, म्हणजे 80 लिटर पाणी 24 अंशांवरून 42 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 1.7 युनिट वीज लागते. टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून रोजचे दोन युनिट मानू. महिन्याचे 60 युनिट झाले. युनिटला 10 रुपये धरल्यास महिना 600 रुपये. आपल्या बिलावरील प्रत्यक्ष दर टाकून हा आकडा तपासून घ्यावा. पावसाळ्याचे चार महिने कोल्हापुरात सोलरचा भरवसा नसतो, तेव्हा बचत आठ महिन्यांची, म्हणजे वर्षाला 4,800 रुपये. या गतीने 38,000 रुपये वसूल होण्यास जवळजवळ आठ वर्षे लागतील. सोलर वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु छत गळत असताना त्याला पहिला मान देणे मला पटत नाही. यंदा ‘बीईई’ या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेचे अधिक तारे असलेला 15 लिटरचा विजेचा गिझर घ्यावा, जो पावसाळ्यात एरवीही लागणारच आहे, आणि उरलेली रक्कम छतावर खर्च करावी. पुढे सोलर घेतलाच तर चार माणसांना 100 लिटरचा पुरतो.

तो बसवताना एकच अट घालावी: गच्चीला भोक पाडायचे नाही. 200 लिटरचा भरलेला संच जवळपास 300 किलो भरतो, म्हणून त्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आणि शक्यतो खालच्या भिंतीच्या रेषेवर घ्यावेत. वाऱ्याने स्टँड हलू नये म्हणून पाय त्या ठोकळ्यांतच घट्ट पकडावेत.

अनुदानाबाबत आपली दिशाभूल झाली आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरचे केंद्रीय अनुदान 2014 मध्येच बंद झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना ही वीज निर्माण करणाऱ्या पॅनेलसाठी आहे; तीत 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेला 78,000 रुपये मिळतात. विक्रेत्याने अनुदानाचा शब्द दिला असेल, तर तो कोटेशनवर लिहून मागावा.

प्रश्न: शुक्रवार पेठेतील आमच्या कौलारू घरात 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पाणी शिरले. भिंतींना अजूनही लोणा फुटतो, म्हणजे ओलीबरोबर पांढरे क्षार बाहेर येतात. आता आजोबांचा तांब्याचा बंब मोडीत देऊन इन्स्टंट गिझर घेण्याचा विचार आहे. जुने वायरिंग चालेल का?

उत्तर: चालणार नाही. 3 किलोवॉटचा इन्स्टंट गिझर सुमारे 13 अँपिअर प्रवाह ओढतो आणि तो दिव्यांच्या जुन्या वायरवर जोडल्यास वायर तापून आवरण वितळते. त्यासाठी बोर्डापासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारा स्विच), 16 अँपिअरचे सॉकेट, चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवा. महापुराच्या पाण्यात बुडालेले स्विच आणि एमसीबी वाळवून पुन्हा वापरले असतील, तर ते आधी बदलावेत. त्यांत बसलेला गाळ वाळला तरी जात नाही. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट आहे, पण आपल्यासाठी खरी पातळी म्हणजे आपल्याच भिंतीवर उरलेली महापुराची रेघ. मुख्य बोर्ड आणि गिझरचे सॉकेट त्या रेघेच्या वर घ्यावे.

लोणा फुटलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊ नये. जुन्या विटा-मातीच्या भिंतीतील ओल त्यामुळे आत कोंडते आणि अधिक वर चढते. सुटलेला गिलावा काढून, क्षार कोरड्या ब्रशने झाडून, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी आणि नंतर चुन्याचा गिलावा करावा. हे काम जाणणारे गवंडी आता कमी उरले आहेत, तरी शोधून आणावेत.

बंब मात्र मोडीत देऊ नये, असे मला मनापासून वाटते. महापुरानंतर वीज कित्येक दिवस येत नाही, तेव्हा चार शेणी आणि नारळाच्या करवंट्यांवर गरम पाणी देणारे हे एकच साधन घरात उरते. मधल्या नळ्याला गळती असेल तर तांबटाकडून डाग देऊन घ्यावा. तो अंगणातच पेटवावा. बंद न्हाणीघरात बंबाच्या निखाऱ्यांपासूनही तोच विषारी वायू तयार होतो, ज्याविषयी पहिल्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न: राजारामपुरीतील इमारतीत आमचा सर्वांत वरचा फ्लॅट आहे. गच्चीतून पाणी झिरपते. सोसायटी म्हणते, तुमचे छत तुम्ही दुरुस्त करा. शिवाय आठ महिन्यांपूर्वी बदललेली गिझरची पाइपलाइन भिंतीत गळू लागली आहे आणि प्लंबर येण्याचे टाळतो.

उत्तर: गच्ची सामाईक असते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, गच्चीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती, आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरील छताच्या प्लास्टरचे झालेले नुकसान, दोन्हींची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. फ्लॅटच्या आतील न्हाणीघर, शौचालय किंवा सिंकची गळती मात्र सभासदाची जबाबदारी आहे. आपली इमारत सहकारी संस्था नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालील असेल, तर डिक्लेरेशनचा, म्हणजे इमारतीचे सामाईक भाग नोंदवणारा, दस्त काढून पाहावा. तेथेही सामाईक भागाचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा असतो. सचिवांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, तोंडी बोलण्यावर थांबू नये.

पाइपलाइनबाबत शंका अशी आहे की गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीऐवजी थंड पाण्याचा यूपीव्हीसी पाइप वापरला गेला असावा; गिझरच्या पाण्याने तो मऊ पडतो आणि सांध्यात सुटतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवून पाहावी. भिंत फोडाल तेव्हा पाइपवर छापलेली अक्षरे दिसतील असे छायाचित्र काढावे आणि कापलेला तुकडा बिलासह जपून ठेवावा. दुसऱ्या प्लंबरने नवी लाइन जोडली की भिंत बुजवण्यापूर्वी गरम पाणी सोडून ती एक दिवस तशीच उघडी ठेवावी.