अलास्का क्रूझ: इनसाइड की बाल्कनी ठरवण्याआधी केबिनचा नंबर हातात घ्या

तुमची पोस्ट वाचली. जुलैमध्ये सिएटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ, नाशिकहून येणारे आई-बाबा, तुम्ही दोघं आणि दोन मुलं, मिळून दोन केबिन. बुकिंगवाला म्हणतोय की दोन्ही ‘बाल्कनी गॅरंटी’ घ्या, दर उद्यापर्यंतच आहे. आणि तुम्ही विचारताय, त्यापेक्षा इनसाइड, म्हणजे बिनखिडकीची केबिन घेऊन पैसे वाचवावेत का? हे वाचून राहवलं नाही, कारण नेमक्या याच ठिकाणी एका बुकिंग ऑफिसने आमच्या घरच्या ज्येष्ठांना गोत्यात आणलं होतं. बाकी पॅकिंग, जेवण, किनाऱ्यावरच्या सहली वगैरे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, ते सोडून देतो.

गॅरंटी प्रकारात तुम्ही फक्त वर्ग विकत घेता, खोली नाही. नंबर कंपनी ठरवते, तोही कधीकधी जहाज सुटायच्या दोन-चार दिवस आधी. त्या वर्गातली किंवा वरची केबिन मिळेल एवढंच कंपनी बांधील असते. एकदा नंबर पडला की तो बहुधा बदलून मिळत नाही, आणि दोन केबिन शेजारी-शेजारी मिळतील असं कुणीही लिहून देत नाही. एक पुढच्या टोकाला आठव्या डेकवर, दुसरी मागच्या टोकाला पाचव्यावर, असं सर्रास होतं. मोठ्या जहाजाची लांबी तीनशे मीटरच्या आसपास असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढा कॉरिडॉर रोज चार वेळा तुडवायला लावणं म्हणजे शिक्षाच.

आमच्या वेळी त्या ऑफिसने पावतीवर ‘2 बाल्कनी केबिन’ एवढंच लिहिलं होतं. गॅरंटी असल्याचा उल्लेख कंपनीच्या मूळ कन्फर्मेशनमध्ये होता, आणि ते कन्फर्मेशन मागूनही पुढे पाठवलं गेलं नाही. ‘काळजी करू नका, सगळं व्यवस्थित आहे’ हेच उत्तर दर वेळी फोनवर. नंबर आले तेव्हा एका बाल्कनीसमोर नारिंगी लाइफबोट टांगलेली आणि दुसरी केबिन तीन डेक वर, पार मागे. तक्रार केली तर ऑफिस कंपनीकडे बोट दाखवतं आणि कंपनी ऑफिसकडे, कारण बुकिंग ऑफिसच्या नावावर असतं. कमिशन घेताना तत्पर असलेल्या माणसांनी साधा कागद पुढे पाठवू नये, याचा आजही संताप येतो. म्हणून आधी कंपनीचं मूळ कन्फर्मेशन मागा. त्यावर केबिनच्या रकान्यात आकडे हवेत. तिथे जी-टी-वाय (GTY, म्हणजे गॅरंटी) अशी अक्षरं असली तर खोली ठरलेली नाही, बुकिंगवाला तोंडी काहीही सांगो.

दुसरं म्हणजे सगळ्या बाल्कन्या सारख्या नसतात. ‘अडथळा असलेली’ बाल्कनी स्वस्त मिळते. लाइफबोटी एका ठरावीक डेकवर असतात आणि त्यांच्या लगेच वरच्या केबिनमधून समुद्राऐवजी बोटीचं छत दिसतं. काही बाल्कन्यांचा कठडा काचेऐवजी पत्र्याचा असतो. उभं राहिलं तर सगळं दिसतं, पण खुर्चीत बसलं की समोर पत्रा, आणि आई-बाबा तिथे बसूनच राहणार आहेत. काही जहाजांवर बाल्कन्या पायऱ्यांसारख्या असतात, खालची बाल्कनी वरच्यापेक्षा पुढे आलेली. तिथे डोक्यावर छप्पर नाही आणि वरच्यांची नजर थेट तुमच्या चहाच्या कपात. अलास्कात हे महत्त्वाचं, कारण केचिकनसारख्या गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शिवाय काही प्रचंड जहाजांवर समुद्राकडे नव्हे, तर जहाजाच्या आतल्या बागेकडे उघडणाऱ्या बाल्कन्याही असतात.

नंबर मिळाला की डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा उघडा आणि वरचा-खालचा मजला एकमेकांवर ठेवून बघा. वर आणि खाली केबिनच असतील तर उत्तम. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटे पाच-साडेपाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. प्लॅनवर जी जागा नुसती कोरी दाखवलेली असते, तिथे बहुतेक कर्मचाऱ्यांची ये-जा किंवा स्वयंपाकघर असतं. अगदी पुढे आणि खाली असलात तर बंदरात शिरताना बो-थ्रस्टरची, म्हणजे जहाजाचं नाक वळवणाऱ्या यंत्राची घरघर झोप मोडते. दोन केबिनना जोडणारं आतलं दार असेल, तर ते तुमच्याच दोन खोल्यांमध्ये असू दे. अनोळखी शेजारी असला की त्याचं घोरणंसुद्धा ऐकू येतं.

आता मूळ प्रश्न. माझं ठाम मत: अलास्कात एक बाल्कनी हवी, दोन नकोत. सात रात्रींतले जुनो, स्कॅगवे, केचिकन या बंदरांचे दिवस तुम्ही बाहेरच असता. व्हिक्टोरियाला जहाज बहुधा संध्याकाळी काही तास थांबतं. बाल्कनीचा खरा उपयोग होतो तो हिमनदीच्या दिवशी आणि बंदरातून निघतानाच्या संध्याकाळी. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत जहाज जवळजवळ दिवसभर असतं, मार्जरी हिमनदीसमोर साधारण तासभर थांबतं आणि जागच्या जागी सावकाश वळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना दृश्य मिळतं. बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा आवाज उशिरा पोचतो. आधी पांढरा धुरळा दिसतो, मग गडगडाट. वरचा डेक त्या दिवशी गच्च भरलेला आणि बोचरा गार असतो. म्हाताऱ्या माणसांनी शाल पांघरून, पाच पावलांवर बाथरूम ठेवून हे बघावं यासाठी बाल्कनीचे पैसे जरूर द्यावेत. तरण्याताठ्यांनी वर जावं, तिथून दोन्ही बाजू दिसतात.

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते आणि सगळ्या कंपन्यांना ती मिळत नाही. तुमच्या कार्यक्रमात नेमकी कोणती हिमनदी आहे ते बघून घ्या. ती नसेल तर बाल्कनीवर खर्च करण्यापेक्षा जहाज बदलण्याचा विचार आधी करा. सिएटलहून जाऊन सिएटललाच परतणार असाल तर डावी-उजवी बाजू याने फार फरक पडत नाही. व्हँकुव्हरहून एकाच दिशेने उत्तरेला जाणाऱ्यांनी उजवी बाजू घ्यावी, किनारा त्या बाजूला असतो.

तर मांडणी अशी करा: एक बाल्कनी आणि कॉरिडॉर ओलांडून बरोबर समोरची एक इनसाइड. बऱ्याच जहाजांवर अशा समोरासमोर केबिन असतात, दोन्ही नंबर एकत्र मागायचे. आई-बाबा आणि मोठं मूल बाल्कनीत, तुम्ही दोघं आणि धाकटं इनसाइडमध्ये. चौघं एका इनसाइडमध्ये कोंबू नका. साधारण 160 चौरस फुटांत वरून उघडणारे दोन पलंग लागले की बॅग उघडायलाही जागा राहत नाही. तिसरा पलंग प्रत्येक केबिनमध्ये नसतो. आणि असला तरी त्या भागातल्या लाइफबोटीची माणसं भरली असतील तर कंपनी तिसरं माणूस घेत नाही, म्हणून हे आत्ताच विचारा.

इनसाइडची भीती बाळगू नका. जुलैत जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मिट्ट काळोख लहान मुलांच्या झोपेला चांगलाच. फक्त रात्री उठल्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि बाथरूमच्या दाराला उंबरठा असतो. बॅटरीवरचा छोटा दिवा न्या. भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक पटकन चिकटतात. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड मात्र नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. बाल्कनीचं दार उघडं असताना मुख्य दार उघडलं तर वाऱ्याने ते जोरात आपटतं. मुलांची बोटं सांभाळा.

आईंना गाडी लागते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बोटही लागू शकते. सिएटलहून निघालेली जहाजं बहुतेक वेळा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात, आणि तिथे हलतं. जहाजाचा मध्य आणि खालचे डेक सगळ्यात कमी डोलतात. बाल्कन्या सहसा वर असतात, म्हणून त्यातल्या त्यात सर्वांत खालच्या बाल्कनी डेकवर, मधोमध केबिन घ्या. फारच त्रास होत असेल तर त्यांच्यासाठी खालच्या डेकवरची खिडकीवाली ओशनव्ह्यू बाल्कनीपेक्षा बरी. गोळी कोणती ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, बीपीची औषधं चालू असतील तर नक्कीच.

मुंबईहून दोन रात्रींच्या गोवा फेरीचंही कुणीतरी तुमच्या पोस्टखाली विचारलंय. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे 1990 मध्ये बांधलेलं जहाज आहे, त्यात बाल्कनी फक्त वरच्या वर्गांत. दोन रात्रींना इनसाइड पुरे.

एक विषयाबाहेरचं, पण यावरून लोक धक्क्यावरून परत गेलेत. व्हिक्टोरिया कॅनडात आहे. आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा लागतो. तुम्ही अमेरिकेत एच-वन वर्क व्हिसावर असाल तर तुम्हालाही, ग्रीन कार्ड असेल तर नाही. ‘आम्ही खाली उतरणारच नाही’ हे चेक-इन काउंटरवर ऐकून घेत नाहीत. मी एजंट नाही, नियम बदलतात, त्यामुळे कॅनडा सरकारच्या साइटवर स्वतः खात्री करा. पण अर्ज या आठवड्यातच टाका, आणि व्हिसा हातात येईपर्यंत ज्याची अनामत रक्कम परत मिळते असाच दर निवडा, थोडा महाग पडला तरी.