काही लिहू नकोस, त्याच्या घरी जा

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. तरुण संघातला तुझा सोबती, की-बोर्ड वाजवणारा, रांजणगावच्या कंपनीने ब्रेक देऊन घरी बसवल्यापासून उपासनेला येत नाही. तू रोज सकाळी त्याला एक वचन पाठवत होतास आणि गेल्या आठवड्यात त्याने ग्रुपच सोडला. आता त्याला काय लिहू, असं तू विचारतोस. शिवाय म्हणतोस, मावशी, माझाच विश्वास सध्या कोरडा पडलाय, मी कोणत्या तोंडाने त्याला धीर देऊ? ते ढोंग नाही का होणार?

काही लिहू नकोस. त्याच्या घरी जा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे, पण ते नीट सांगायला हवं, कारण तू तिथेच अडकला आहेस. तुझी समजूत अशी झालीय की ज्याचा विश्वास भरलेला त्याने ज्याचा रिकामा त्याला द्यायचं. मग आपण भरेपर्यंत थांबायचं. बाळ, असं थांबणारे मी आयुष्यभर बघितलेत. तीसतीस वर्षं बाकावर बसून ते अजून भरायचेच आहेत.

बायबलातला अनेसिफर आठवतो का? संडे स्कूलमध्ये मी तुम्हाला तो शिकवला होता आणि तुम्ही सगळे त्याच्या नावाला हसला होतात. त्याचा एक उपदेश आपल्याकडे नाही, एक पत्र नाही. त्याचा विश्वास मोठा होता की लहान, हे प्रेषित पौल सांगतच नाही. तो एवढंच सांगतो की आशिया प्रांतातले सगळे मला सोडून गेले, पण हा रोममध्ये आला, त्याने मला शोध शोध शोधलं आणि माझ्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. एवढ्या मोठ्या शहरात एका कैद्याचा पत्ता काढायचा, तोही ज्याच्याशी ओळख सांगणं धोक्याचं होतं त्याचा. दारोदार विचारत फिरताना त्याचा विश्वास कोरडा होता की ओला, हे पौलाने विचारलं असेल असं मला वाटत नाही. तो आला, एवढं पौलाला पुरलं.

आणि बर्णबा. शौलाला, म्हणजे याच पौलाला, यरुशलेमेत सगळे शिष्य घाबरत होते, तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला तो बर्णबा. पुढे अंत्युखियात काम वाढलं, तेव्हा त्याने तार्सला निरोप धाडला नाही, स्वतः गेला आणि शौलाला शोधून आणलं. मग मार्कची गोष्ट. तो पहिल्या फेरीत पंफुल्याहून त्यांना अर्ध्यात सोडून गेला होता, म्हणून पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार नव्हता. दोघांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या, आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, आपण नेहमी पौलाची बाजू घेतो. जबाबदारी, शिस्त, सेवेतला काटेकोरपणा वगैरे. मला बर्णबाच बरोबर वाटत आलाय. तोच पौल शेवटच्या पत्रात तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मध्ये कुणीतरी मार्कला सोबत घेऊन हिंडलं होतं म्हणूनच ना?

आपल्या घरातलंच बघ. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या कितीतरी जणांचे सोयरे तुटले, विहीर तुटली, गावातलं येणंजाणं तुटलं. त्यांच्या बाळंतपणाला कोण आलं? कबर खणायला कोण आलं? मंडळी आली. आपल्या पणज्यांना मंडळी म्हणजे रविवारची दीड तासाची उपासना नव्हती, तुटलेल्या भावकीच्या जागी उभी राहिलेली माणसं होती. आणि त्यांचा विश्वास तरी फार पक्का होता असं तुला वाटतं? सगळे नवखे होते. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. पण दुसऱ्याच्या दारात जायचं असतं हे त्यांना कळत होतं.

पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. १८९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात बसून देणग्या गोळा करू शकल्या असत्या. त्या स्वतः गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. भूक काय असते हे ठाऊक असलेली बाई गेली. तुझा कोरडेपणाही तसाच बरोबर घेऊन जा. खचलेल्या माणसाला तजेलदार चेहऱ्याचा पाहुणा नको असतो.

आता तुझ्या ‘केअर कमिटी’बद्दल. तू फॉर्म करणार, विभाग पाडणार, कुणी कुणाला फोन करायचा त्याचा तक्ता लावणार. चांगलं आहे, पण आधी त्याच्या घरी जाऊन ये, मग कमिटी कर. मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत बरीच वर्षं काढली. तेव्हा मंडळीच्या जागेचा दावा चालू होता. कुठल्या मंडळीचा ते सांगत नाही, तुला अंदाज येईल. दर मीटिंगला विषय एकच: दावा, तारीख, वकील. आजारी कोण आहे, कोणाच्या घरी मयत झालीय, कोण तीन महिने दिसलेलं नाही, हे विषयपत्रिकेवर घ्या म्हणून मी सांगायची. ‘बाई, ते काम महिला मंडळाचं,’ असं उत्तर मिळायचं. मग एकदा गरीब फंडातून वकिलाची फी द्यायचा ठराव आला. मी सही केली नाही. पुढच्या मीटिंगला पुन्हा आला, तेव्हाही केली नाही. मला हट्टी म्हणाले, एकाने तर मंडळीची वैरीण म्हटलं. आजही काही घरांत मला तेच नाव आहे. असू दे. तो फंड विधवांच्या औषधांना आणि मुलांच्या फीला गेला आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा सही करणार नाही.

खंत आहे ती वेगळी. त्या दाव्याच्या वर्षांत आमच्या बरोबरीची किती घरं मंडळीतून निघून गेली. भांडून गेलं नाही कुणी. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा दारूला लागला, कुणाचं कर्ज थकलं. लाजेने यायची थांबली. कुणीच त्यांच्या दारात गेलं नाही आणि त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. आज त्यांची नातवंडं मला बाजारात भेटतात, ओळखतही नाहीत. तुझा सोबती याच वाटेवर आहे म्हणून मी तुला घाई करतेय.

कसं जायचं तेही सांगते, कारण तुमच्या पिढीला हेसुद्धा शिकवायला लागतं, आणि दोष तुमचा नाही, आम्ही शिकवलं नाही. ‘येऊ का?’ असं विचारू नकोस. खचलेला माणूस नकोच म्हणतो. ‘शनिवारी संध्याकाळी येतोय’ असं सांग. गिटार घेऊन आठ जण जाऊ नका. एकटा जा, फार तर दोघे. पोचल्यावर शिकवायला बसू नकोस. बायबलात दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. त्याच्या आईने चहा दिला तर पी, जेवायला थांबवलं तर थांब. नोकरीचा विषय त्याने काढला तर ऐक. प्रार्थना करायची असेल तर आधी त्याला विचार. तो नको म्हणाला तर घरी येऊन कर, देवाला तिथूनही ऐकू येतं.

आणि एक गोष्ट अगदी करू नकोस. परत आल्यावर ग्रुपवर ‘अमुक भाऊसाठी प्रार्थनेची विनंती, तो खूप निराशेत आहे’ असं टाकू नकोस. प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली आपल्या मंडळीत जेवढी माणसं उघडी पडली तेवढी चहाडीने पडली नाहीत. त्याने तुला सांगितलेलं तुझ्यापाशीच राहू दे. फक्त जिवाचं काही बरंवाईट करायचं तो बोलला, तर ते झाकून ठेवू नकोस. त्याला एकटा सोडू नकोस, घरच्यांना सांग आणि सरळ डॉक्टरकडे घेऊन जा. पाळकांना नंतर कळव. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. मिशनरी डॉक्टर वॉनलेसने १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला तो काय उगीच? आपल्या मिशनऱ्यांनी चर्चबरोबर दवाखाने बांधले, आणि आपण गोळ्यांना घाबरतो!

एकदा जाऊन भागणार नाही. मयतीच्या घरी पहिल्या आठवड्यात चपला ठेवायला जागा नसते आणि महिन्याभराने कुणी फिरकत नाही, हे मी माझे यजमान गेले तेव्हा पाहिलं. महिन्याभराने जी आली, तिच्याशी माझा पंचांच्या निवडणुकीपासून अबोला होता. काही न बोलता तिने पोळ्या लाटल्या, भांडी घासली आणि गेली. पुढच्या गुरुवारी परत आली, आणि मग येतच राहिली. आमचं मत आजही एक नाही. पण माझ्या मयतीला ती आली नाही तर मला चालणार नाही, असं मी मुलांना सांगून ठेवलंय. तूही असाच जात राहा. दोनदा तो दार अर्धवट उघडेल, तिसऱ्यांदा चिडेलसुद्धा. तरी जा.

की-बोर्डचं लगेच काढू नकोस. तुला वादक हवाय म्हणून तू आलास, असं त्याला वाटता कामा नये. आणि त्याच्यासाठी काम शोधायचं तर सुप्याच्या एमआयडीसीत आपल्या मंडळीतले दोघे सुपरवायझर आहेत. त्यांच्याशी मी बोलते, तू त्याला अजून काही सांगू नकोस, उगीच आशा लागायला नको.

शनिवारी जाऊन आलास की मला फोन कर. मेसेज नको, फोन.

तुझी,
मावशी