आवाजाची उघडझाप : ट्रेमोलो पेडलबद्दल वाचकांचे प्रश्न

पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा. त्यांतल्या डिस्टॉर्शनवर (आवाज खरखरीत करणारं) लिहिलं की भांडणं येतात, डिलेवर (प्रतिध्वनी देणारं) लिहिलं की किमती विचारल्या जातात. ट्रेमोलोबद्दल, म्हणजे आवाज लयीत लहान-मोठा करणाऱ्या पेडलबद्दल, मात्र पत्रांतून गोंधळच जास्त आला. तो बराचसा नावाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : मुलाला वाढदिवसाला ट्रेमोलो पेडल हवंय. शेजारचे काका म्हणतात, त्याच्या गिटारला तो दांडा आहे, तोच ट्रेमोलो. मग वेगळे पैसे कशाला? – एक आई, छत्रपती संभाजीनगर

काकांना दोष देऊ नका, हा घोळ फेंडर कंपनीने घातलाय. १९५४ साली स्ट्रॅटोकॅस्टर गिटार आली, तेव्हा तिच्या ब्रिजवरच्या (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवरच्या) दांड्याला त्यांनी 'ट्रेमोलो' म्हटलं. तो दांडा दाबला की तारा सैल पडतात आणि सूर उतरतो, सोडला की जागेवर येतो. म्हणजे हलतो तो सूर, आणि त्याचं नाव व्हायब्रेटो. गंमत अशी, की याच कंपनीच्या ॲम्पमध्ये (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) खराखुरा ट्रेमोलो होता आणि त्या चॅनेलवर त्यांनी छापलं 'व्हायब्रेटो'. सत्तर वर्षं झाली, जग अजून तेच उलटंपालटं बोलतंय.

ट्रेमोलोत सूर जागचा हलत नाही, फक्त आवाज लहान-मोठा होतो. लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड नेऊन 'आऽऽऽ' म्हटलंय ना? साधारण ते. त्याहून नेमकं उदाहरण हार्मोनियमचं. काही पेट्यांना पुढे ट्रेमोलोची खुंटी असते. ती ओढली की हवेच्या वाटेवरची झडप थरथरते आणि धरलेला सूर हेलकावे खातो. गायक दरबारीतला गंधार आंदोलित करतो, तिथे मात्र स्वरच झुलत असतो. त्याचं नातं गिटारच्या दांड्याशी जास्त जवळचं.

मेंडोलिनवाले एकाच तारेवर भराभर पिक चालवतात, त्यालाही ट्रेमोलोच म्हणतात. तो हाताचा ट्रेमोलो, पेडलशी त्याचा संबंध नाही. तर मुलाने मागितलेली वस्तू त्याच्याकडे नाही. घ्या. फक्त त्याच्याकडे मल्टि-इफेक्ट, म्हणजे अनेक इफेक्ट असलेला एकच डबा, असेल तर आधी त्यात बघायला सांगा. बहुतेकांत ट्रेमोलो असतोच, आणि मुलं तो कधी उघडून बघत नाहीत.

प्रश्न : सेकंडहँड ट्रेमोलो घेतलं. चालू केलं की माझ्या गिटारचा आवाज बसतो, बंद केलं की ठीक. विकणाऱ्याने बिघडलेला माल गळ्यात मारला का? – नाशिक

बहुधा नाही. एक साधी चाचणी करा. पेडल चालू ठेवून डेप्थचा नॉब (आवाज किती खाली जायचा ते ठरवणारा) शून्यावर आणा. आता चालू आणि बंद यांत आवाज सारखा असेल तर पेडल ठणठणीत आहे. तरीही कमी असेल, तर आत काहीतरी गडबड आहे किंवा आधीच्या मालकाने आतला ट्रिमर (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा नॉब) फिरवून ठेवलाय.

पेडल ठीक असूनही आवाज का बसतो, तर ते ट्रेमोलोच्या स्वभावातच आहे. साधा ट्रेमोलो आवाज वाढवत नाही, फक्त कमी करून परत मूळ जागी आणतो. आवाजाच्या चढउताराची लाट गोल असेल आणि डेप्थ पूर्ण असेल, तर सरासरी ऊर्जा मूळच्या तीन अष्टमांश उरते, म्हणजे सुमारे ४ डेसिबलची घट. चौकोनी लाटेत अर्धा वेळ पूर्ण आवाज आणि अर्धा वेळ शांतता, त्यामुळे ऊर्जा निम्मी आणि घट ३ डेसिबल. ऐकायला जास्त तुटक वाटणारी लाट गोल लाटेपेक्षा कमी नुकसान करते, हे मलाही पहिल्यांदा मांडून बघेपर्यंत पटलं नव्हतं. आणि आपला कान शिखरं मोजत नाही, सरासरीच धरतो. घरी एकट्याने वाजवताना हे खपून जातं. ड्रम्स आणि बास सुरू झाले की तुम्ही गायब. एका लग्नाच्या स्टेजवर मी ऐन सोलोच्या आधी ट्रेमोलोवर पाय दिला होता. सोलो झाला, पण तो मला सोडून कुणी ऐकला नाही.

उपाय सोपे आहेत. पेडलला व्हॉल्यूमचा नॉब असेल तर तो घरी न लावता बँडबरोबर लावा. नसेल तर ट्रेमोलोच्या नंतर एक क्लीन बूस्ट (आवाज फक्त मोठा करणारं पेडल) ठेवता येतो, पण मग एका वेळी दोन बटणांवर पाय द्यावा लागतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डेप्थ उतरवा. आवाज निम्म्यापर्यंतच खाली जाऊ दिला तर घट २ डेसिबलच्या थोडी वर राहते आणि झोका तरीही ऐकू येतो. नव्याने पेडल घेणारे सगळेच डेप्थ पूर्ण फिरवतात. महिनाभराने आपोआप खाली येतात.

प्रश्न : ऑप्टिकल, बायस, हार्मोनिक अशी नावं वाचून डोकं फिरलं. एकच पेडल घ्यायचंय. कुठलं? – पुणे

ही नावं आवाज कमी-जास्त करायच्या युक्त्यांची आहेत. युक्ती बदलली की लाटेचा आकार बदलतो. सगळ्यात जुनी युक्ती मला अजूनही सर्वांत आवडते. १९४० च्या दशकात डीआर्मंड कंपनीने एक डबा काढला. त्यात मोटर, मोटरने हलणारी एक छोटी नळी आणि नळीत वीजवाहक द्रव. द्रव हिंदकळला की सिग्नलचा काही भाग सर्किटच्या ग्राउंडकडे वळायचा आणि आवाज दबायचा. अमेरिकन गिटारवादक बो डिडलीच्या गिटारची ती ओली थरथर याच डब्याची. गिटारसाठी सुटा मिळणारा हा बहुधा पहिलाच इफेक्ट, आणि त्याची दुरुस्ती म्हणजे नळीत द्रव भरणं!

ऑप्टिकल पद्धतीत एक दिवा उघडझाप करतो आणि त्याच्यासमोर एलडीआर असतो, म्हणजे प्रकाश पडला की ज्याचा रोध उतरतो असा भाग. साठच्या दशकातल्या काळ्या पॅनेलच्या बऱ्याच फेंडर ॲम्पमध्ये हेच आहे, दिवा निऑनचा. एलडीआरचा स्वभाव जरा आळशी. उजेड पडला की चटकन जागा होतो, अंधार झाला की रेंगाळत झोपतो. त्यामुळे झोका दोन्ही बाजूंना सारखा येत नाही, किंचित लंगडतो. ते लंगडणंच लोकांना गोड वाटतं.

बायस पद्धतीत ॲम्पच्या पॉवर ट्यूबचा (स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळीचा) बायस, म्हणजे तिला दिलेलं स्थिर व्होल्टेजच, वरखाली केला जातो. जोरात स्ट्रोक मारला की थरथर दबते, आणि सूर विरत गेला की ती हळूहळू वर येते. तुमच्या हाताला उत्तर देणारा ट्रेमोलो हाच. पेडल त्याची नक्कल करतात, काही चांगली करतात.

हार्मोनिक हा खरं तर वेगळाच प्राणी. १९६० च्या आसपासच्या तपकिरी पॅनेलच्या काही फेंडर ॲम्पमध्ये तो होता. सिग्नलचे दोन भाग होतात, खर्ज आणि तार. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. एकूण आवाज फारसा तुटत नाही, रंग बदलत राहतो, थोडा फेझर नावाच्या घुमणाऱ्या इफेक्टसारखा. वरच्या नाशिककरांच्या तक्रारीवरही हा चांगला तोडगा आहे.

आता एकच घ्यायचं तर माझं मत : ऑप्टिकल किंवा तशा लाटेचं, आणि व्हॉल्यूमचा नॉब असलेलं. वूडू लॅबच्या ट्रेमोलोत हे दोन्ही आहे. बॉसचं टीआर-२ १९९७ पासून आहे, रेट (वेग), वेव्ह (लाटेचा आकार) आणि डेप्थ असे तीन नॉब, वेव्ह फिरवून गोडपासून कापाकापीपर्यंत जाता येतं. सेकंडहँड बाजारात ते हमखास सापडतं. त्याला व्हॉल्यूमचा नॉब नाही, एवढं ध्यानात ठेवून घ्या. स्ट्रायमनच्या फ्लिंटमध्ये हार्मोनिक, पॉवर ट्यूब (म्हणजे बायस) आणि फोटोसेल (म्हणजे ऑप्टिकल) हे तिन्ही ट्रेमोलो आहेत, वर रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखी गुंज. वस्तू सुंदर आहे, किंमत ऐकून मात्र घरच्यांशी बोलावं लागेल. यूट्यूबवरचे डेमो बघून ठरवू नका. तिथे गिटार एकटी वाजत असते.

प्रश्न : आमचा पाच जणांचा बँड आहे. ट्रेमोलो लावला की पहिल्या ओळीत झकास, मग सगळं विस्कटतं. ड्रमर माझ्याकडे बघतो, मी पेडलकडे. – म्हापसा

ड्रमर बरोबर बघतोय. समजा गाणं १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं आहे. एका ठोक्यात दोन झोके हवेत, म्हणजे सेकंदाला ४. तुम्ही नॉब अंदाजाने लावला आणि तो ४.१ वर बसला. फरक नगण्य वाटतो. पण पाचव्या सेकंदाला तुमचा झोका बरोब्बर उलट्या जागी पडतो. ड्रमरचा ठोका पडतो तेव्हा तुमचा आवाज तळाला. दहाव्या सेकंदाला पुन्हा जुळतं, पुन्हा सुटतं. पहिली ओळ झकास आणि मग विस्कट, याचं कारण हेच.

मार्ग तीन. पहिला टॅप टेम्पोचं पेडल. पायाने ठोके द्यायचे, पेडल वेग पकडतं. हिशेब हाताशी असू द्या : ९६ बीपीएमला एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला १.६. दुप्पट झोके हवेत तर ३.२, तिप्पट हवेत तर ४.८. दादऱ्याच्या अंगाच्या गाण्याला तिप्पट बसतं, केरव्याला दुप्पट किंवा चौपट. घेताना एवढं विचारा, की टॅप केल्यावर लाट नव्याने सुरू होते का. काही पेडल वेग पकडतात, पण लाट जिथे होती तिथूनच पुढे नेतात. मग वेग जुळूनही सम चुकते.

दुसरा मार्ग, तालाशी जुळवायचंच नाही. सेकंदाला सहा-सात झोके आणि डेप्थ कमी. एवढ्या वेगाला कान झोके मोजत नाही, नुसती चकाकी ऐकतो. जुन्या रेकॉर्डिंगमधला बराचसा ट्रेमोलो असाच आहे.

तिसरा मार्ग मला प्रिय आणि ड्रमरला अप्रिय : गाणं तुमच्या ट्रेमोलोने सुरू करा आणि बँडला त्याच्या मागे येऊ द्या. तबलजी लेहऱ्याला धरून बसतो, तसा ड्रमरने तुमच्या झोक्याला धरायचा. दोन-तीन तालमी लागतात आणि त्याला स्टेजवर तुमचा ॲम्प नीट ऐकू यावा लागतो.

प्रश्न : पेडलांच्या साखळीत ट्रेमोलो कुठे? ड्राइव्हच्या आधी, नंतर, की अगदी शेवटी? – ठाणे

ड्राइव्हच्या (डिस्टॉर्शनच्या जातीचं, आवाज खरखरीत करणारं पेडल) नंतर, डिले-रिव्हर्बच्या आधी, हे नेहमीचं उत्तर. चुकत नाही. तुम्ही वाजवता तो सूर झोके घेतो आणि मागची गुंज शांत राहते. पण जुन्या फेंडर ॲम्पचा आवाज हवा असेल तर ट्रेमोलो रिव्हर्बच्या नंतर लावा. ट्विन रिव्हर्बसारख्या ॲम्पमध्ये आधी रिव्हर्ब मिसळतो आणि मग सगळ्यावर ट्रेमोलो बसतो. अख्खी खोलीच झुलल्यासारखी वाटते. बॅलडला हे फार छान लागतं, भराभर वाजणाऱ्या गाण्यात चिखल होतो.

ड्राइव्हच्या आधी लावला तर वेगळीच मजा. ड्राइव्ह सिग्नल दाबतो, त्यामुळे आवाजातला चढउतार कमी होतो. त्याऐवजी खरखर कमी-जास्त होत राहते, सूर स्वच्छ, मळका, स्वच्छ, मळका. एकदा करून बघाच. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं पेडल) मात्र ट्रेमोलोच्या नंतर कधी लावू नका. एकाने खड्डे खणायचे आणि दुसऱ्याने बुजवायचे.

प्रश्न : वाजवत नसतानाही स्पीकरमधून टक्‌ टक्‌ टक्‌ येतं, रेट वाढवला की तेही वाढतं. – सोलापूर

ही ट्रेमोलोच्या आतल्या घड्याळाची टिकटिक. वेग ठरवणारं सर्किट प्रत्येक फेरीला विजेचा एक घोट घेतं. सगळी पेडल एकाच अडॅप्टरच्या अनेक फाटे असलेल्या वायरवर असतील तर तो घोट शेजाऱ्यांनाही जाणवतो, आणि ट्रेमोलोच्या नंतर ड्राइव्ह असेल तर तो मोठाही होतो. आधी फक्त ट्रेमोलो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. टिकटिक गेली तर दोष वीजपुरवठ्याचा, प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला सप्लाय घ्या. बॅटरीवरही राहिली तर दोष पेडलच्या आत. मग लाट चौकोनीवरून गोलकडे आणा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

प्रश्न : भाचीने अमेरिकेहून पेडल आणि त्याचा अडॅप्टर पाठवलाय. डायरेक्ट लावू? – सातारा

पेडल लावा, अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय तो मात्र लावू नका. 'इनपुट १००-२४०' असं असेल तर फक्त पिनचा प्रश्न. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो जळेल. इथला ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला अडॅप्टर घ्या, आणि पेडलच्या पाठीवरही तेच चिन्ह असल्याची खात्री करा.

प्रश्न : घरी बनवता येईल का? मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. – पुणे

येईल, आणि तू बनवच. पहिल्या प्रयत्नासाठी एलडीआर आणि एलईडी. बुधवार पेठेत दोन्ही सुटे मिळतात. त्यांना एकमेकांसमोर धरून वर काळी श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढव, दोन्ही टोकं नीट बंद कर. एक ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) वेग ठरवायला, एक सिग्नलला. वायरिंग करताना वेगाच्या सर्किटच्या तारा सिग्नलच्या तारांपासून दूर ठेव, नाहीतर सोलापूरकरांचंच दुखणं तुझ्या डब्यात येईल. डबा पत्र्याचा घे. आणि ट्यूबमध्ये फट राहिली असेल तर ट्यूबलाइटखाली पेडल वेगळं वागेल आणि अंधारात वेगळं. माझ्या पहिल्या पेडलचं असं झालं होतं. दोन दिवस मी सोल्डरिंग तपासत बसलो होतो.