पस्तीस धरले, हातात अठ्ठावीस आले

"मॅडम, जॉइन होऊन महिनाच झालाय. आत्ता पगार वाढवून मागितला तर काढून टाकतील का?"

नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या तरुणांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. हा मुलगा त्यांच्यातलाच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सातपूरची नोकरी सोडून अंबडच्या कंपनीत क्वालिटीत लागला. पॅकेज 4 लाख 20 हजार. पठ्ठ्याने बाराने भागलं, महिन्याचे 35 हजार धरले आणि पाथर्डी फाट्याला वन बीएचके भाड्याने घेऊन मोकळा झाला. पहिला पगार जमा झाला 27,858. त्यात कॅन्टीनमध्ये कळलं, शेजारच्या टेबलवाल्याला पाच हजार जास्त. झोपच उडाली.

ऑफर लेटरचं शेवटचं पान काढायला लावलं. महिन्याच्या हिशेबाने कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटी 842, वर्षाअखेर एकदम मिळणारा व्हेरिएबल 2,500, हे सगळं पॅकेजातच धरलेलं. शिवाय त्याचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. बेरीज जुळली तसा त्याचा चेहरा उतरला. कंपनीने काही लपवलं नव्हतं. सही करण्याआधी यानेच ते पान वाचलं नव्हतं. या कारणासाठी महिन्याभरात एचआरकडे जाण्यात अर्थ नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. शेजाऱ्याचा आकडा तर तोंडातूनही काढायचा नाही. कॅन्टीनमधले आकडे म्हणजे कुणी ओव्हरटाइम धरून सांगतो, कुणी पॅकेज.

उठता उठता तो सहज बोलून गेला, "वर निघायला रोज रात्रीचे आठ वाजतात. कस्टमर कंप्लेंट पण मीच बघतो, आधीचा सोडून गेला ना."

"आणि लेटरमध्ये?"

"फक्त इन्कमिंग इन्स्पेक्शन. बाहेरून आलेला माल तपासायचा."

त्याला परत बसवलं. ठरलेला पगार कमी वाटणं वेगळं आणि ठरलेलं काम बदलणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी प्रोबेशनचे, म्हणजे नोकरी कायम (कन्फर्म) होण्याआधीचे, सहा महिने थांबायची गरज नसते. बोलायचं काय, तेही आम्ही लिहून काढलं: "सर, मला इन्कमिंगसाठी घेतलंय. दोन आठवडे कंप्लेंटचं कामही करतोय. ते माझ्याकडेच राहणार असेल, तर कन्फर्मेशनला पगाराचा विचार व्हावा आणि तसं मेलवर मिळावं." पहिल्यांदा म्हणून दाखवताना त्याने तीनदा 'सॉरी' घातलं. तिन्ही काढायला लावले. 'दुसरी ऑफर आहे' ही थापही मारायची नाही. प्रोबेशनमध्ये नोटीस पिरियड बहुतेक छोटा असतो, साहेब 'जा' म्हणाले तर? नीट शब्दांत विचारलं म्हणून सहसा कुणी काढत नाही. अशा धमकीने मात्र नोकरी जाऊ शकते.

साहेबांनी लगेच एक रुपयाही वाढवला नाही. कन्फर्मेशनच्या वेळी पगाराचा फेरविचार होईल, असा मेल मात्र आला आणि निम्म्या कंप्लेंट दुसऱ्याकडे गेल्या. मुलगा थोडा नाराजच होता. भाडं काही कमी होणार नव्हतं, म्हणून सध्या त्याने फ्लॅटमध्ये एक रूममेट घेतलाय.