मागच्या सीटशेजारची जाळी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गाडीविषयी आहेत, आणि ती गाडी आपल्या बहुतेक वाचकांनी महाराष्ट्रात पाहिलेलीही नसेल. लेक्सस सीटी २०० एच ही पाच दारांची, मागे झाकणासारखे उघडणारे दार असलेली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी गाडी जपानच्या क्युशू बेटावरील कारखान्यात तयार होत असे. ब्रिटनमध्ये ती २०११ पासून विकली गेली आणि भारतात ती कधीच विक्रीस आली नाही. तरीही परदेशी स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांपुढे आज ती उभी आहे, कारण जुन्या बाजारात ती परवडते आणि पेट्रोल कमी पिते. चारही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २०१४ ची सीटी २०० एच आहे. आम्ही लंडनच्या पश्चिमेस स्लाउला राहतो. गाडीचे ९२ हजार मैल झाले आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून मागच्या बाजूने पंख्यासारखी घरघर ऐकू येते. मागच्या सीटवर आमचा कुत्रा बसतो, म्हणून तेथे गोधडी अंथरलेली असते. आवाज सीटखालून येत असावा असे वाटते. परवा हायब्रिड यंत्रणा तपासण्याचा इशारा उमटला आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर गेला. गॅरेजवाल्याने काहीही न उघडता ‘बॅटरी गेली, नवी घाला’ असे सांगितले. गाडीवर खर्च करावा की ती काढून टाकावी?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट गोधडी ही आहे, आणि ती आपण जाता जाता लिहिली आहे.

या गाडीची मुख्य बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या तळाखाली असते. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची २८ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, एकापुढे एक जोडून ती बनवलेली आहे. प्रत्येक मॉड्यूल ७.२ व्होल्टचे, म्हणून सगळी मिळून २०१.६ व्होल्ट होतात. तिला थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवलेले नाही. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे, तिच्यातून केबिनमधील हवा एक पंखा ओढून घेतो आणि मॉड्यूलांमधल्या फटींतून फिरवतो. थोडक्यात, तुम्ही ज्या हवेत बसता तीच हवा बॅटरीलाही मिळते, आणि त्या हवेत कुत्र्याचे केस, गोधडीचे धागे व बिस्किटांचा चुरा असेल तर तोही मिळतो. जाळी झाकली गेली किंवा आतील पात्यांवर कचरा बसला की हवा कमी पडते, बॅटरी तापते, संगणक पंख्याचा वेग वाढवतो आणि तुम्हाला घरघर ऐकू येते. मी पाहिलेल्या एका गाडीत पंख्याच्या पात्यांवर केसांचा थर नमद्यासारखा घट्ट बसला होता. तो चिमट्याने सोलून काढावा लागला.

तेव्हा आधी गोधडी काढा, विजेरी लावून जाळी पाहा आणि बाहेरून व्हॅक्युम क्लीनर फिरवा. एवढे काम घरी करण्यासारखे आहे. त्यापुढचा पंखा उघडण्याचे काम मात्र हायब्रिड गाड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडेच द्यावे, कारण नारिंगी वेष्टणाच्या तारांमध्ये जीव घेण्याइतका विद्युतदाब असतो. ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ द मोटर इंडस्ट्रीच्या विद्युत वाहनांविषयीच्या पात्रता आहेत. आपल्या तंत्रज्ञाकडे त्यांपैकी तिसऱ्या पातळीची पात्रता आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? ज्याला हा प्रश्न आवडणार नाही, त्याच्याकडे गाडी न दिलेलीच बरी.

पंखा साफ झाल्यानंतर संगणकातील दोषसंकेत वाचून घ्या. नुसता संकेत पुरेसा नाही. ही बॅटरी दोन-दोन मॉड्यूलांच्या १४ गटांत मोजली जाते, म्हणून गाडी चढावर जोर लावत असताना प्रत्येक गटाचे व्होल्ट किती उतरतात याची नोंद कागदावर मागा. सगळे गट जवळजवळ बरोबरीने उतरत असतील तर बॅटरी जुनी झाली असली तरी शाबूत आहे. एखादाच गट ठळकपणे मागे पडत असेल तर दोष खरा आहे. अशा वेळी ‘एक मॉड्यूल बदलून देतो, स्वस्तात होईल’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते तो पैसा वाया जातो. सगळी मॉड्यूल एकाच साखळीत असल्यामुळे नव्याला जुन्यांशी जुळवून घ्यावे लागते, आणि काही महिन्यांत शेजारचे मॉड्यूल रुसते. बदलायचीच असेल तर पूर्ण बॅटरी, लेखी हमीसह बदलावी.

बॅटरीवरचा ताण मुळातच कमी ठेवलेला असतो, हेही लक्षात घ्यावे. तिची क्षमता सुमारे १.३ किलोवॅट-तास, म्हणजे नुसत्या विजेवर जेमतेम दोन किलोमीटर जाण्याइतकी. आणि संगणक ती पूर्ण भरू देत नाही व पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. त्यामुळे मैलांपेक्षा उष्णता आणि पडून राहणे यांनीच ती लवकर खचते. उन्हाळ्यात गाडीचे वातानुकूलन चालू ठेवणे ही या गाडीत चैन नव्हे. ती थंड हवा बॅटरीलाही पोहोचते.

काढून टाकण्याविषयी : तिचे इंजिन पेट्रोलचे असून प्रदूषणाच्या युरो ५ मानकाचे आहे, म्हणून लंडनच्या अतिकमी-उत्सर्जन क्षेत्राचे दिवसाला १२.५० पौंड आपल्याला लागत नाहीत. शहराच्या मध्यभागातील गर्दीशुल्क मात्र चुकत नाही. १ एप्रिल २०१७ पूर्वी नोंदलेली असल्यामुळे तिचा वार्षिक पथकर एप्रिल २०२५ पर्यंत शून्य होता आणि तेव्हापासून २० पौंड झाला. १ एप्रिल २०१७ पासून पुढे नोंदलेल्या याच गाडीला १९५ पौंड पडू लागले. या हिशेबात मी तरी पंखा साफ करून गाडी ठेवीन.

प्रश्न : आम्ही निवृत्त पतिपत्नी लेस्टरला असतो आणि दर हिवाळ्यात तीन महिने कोल्हापूरला येतो. यंदा परतल्यावर गाडी पूर्ण बंद होती. रिमोट चालेना आणि डिकीही उघडेना, आणि बॅटरी डिकीतच आहे असे कळले! शिवाय वार्षिक तपासणीत मागच्या ब्रेकच्या डिस्कवर गंज असल्याचा शेरा मिळाला, जेव्हा की पॅड जवळजवळ नवे आहेत.

उत्तर : या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. इंजिन फिरवण्याचे काम मोठी करते, नेहमीचा स्टार्टर नसतोच. पण मोठ्या बॅटरीला यंत्रणेशी जोडणारे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, १२ व्होल्टची छोटी बॅटरी चालवते. मालकाची तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली, तशातली ही गत आहे.

रिमोटच्या आत एक धातूची किल्ली सरकवून ठेवलेली असते. तिने चालकाचे दार उघडा, बॉनेट उघडा. फ्यूजपेटीच्या झाकणाखाली बाहेरून वीज देण्यासाठी खास टोक ठेवलेले आहे. धन तार तेथे आणि ऋण तार इंजिनाजवळच्या रंग नसलेल्या धातूला लावावी. तारा उलट लागल्या तर इन्व्हर्टरसारखा महाग भाग जळू शकतो, म्हणून दोनदा पाहून मगच जोडा. नवी छोटी बॅटरी घेताना वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्या, कारण ही बॅटरी माणसे बसतात त्याच पोकळीत असते.

पुढल्या वर्षी जाण्यापूर्वी छोट्या बॅटरीला हळू चार्ज करणारा चार्जर लावून ठेवावा, किंवा तिची ऋण तार सोडवावी. रिमोट गाडीपासून दूर, घराच्या आतल्या खोलीत ठेवावा. मोठ्या बॅटरीसाठी मात्र कोणीतरी दोन महिन्यांतून एकदा गाडी अर्धा तास, निदान १६ किलोमीटर चालवणे उत्तम. शेजाऱ्याला सांगणार असाल तर त्याचे नाव विम्यात घाला. नुसती उभी ठेवून चालू करायची असेल तर ‘रेडी’ दिवा लागू द्यावा आणि गिअर ‘पी’ (पार्क) मध्येच ठेवावा, ‘एन’ (न्यूट्रल) मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

गंजाचे कारण या गाडीच्या गुणातच आहे. हलकेच ब्रेक दाबला की वेग मोटर शोषून घेते आणि त्याची वीज होते. पॅड डिस्कला क्वचितच भिडतात. त्यामुळे पॅड वर्षानुवर्षे टिकतात, आणि लेस्टरच्या ओलाव्यात डिस्क गंजतात व कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना अडकतात. आठवड्यातून एकदा, मागेपुढे कोणी नसलेल्या सरळ रस्त्यावर, गिअर ‘एन’मध्ये घेऊन दोन-तीनदा नेटाने ब्रेक लावावा, त्या स्थितीत मोटर मदतीला येत नाही आणि पॅड डिस्क घासून काढतात. पिनांना वर्षातून एकदा ग्रीस, ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी नवे. पॅड घरी बदलण्याचा मोह टाळा : दार उघडताच ब्रेकचा पंप गुणगुणतो ते आपण ऐकले असेल, तो तेलाचा दाब आपणहून वाढवतो आणि तेव्हा आपली बोटे कॅलिपरपाशी असू नयेत.

प्रश्न : ऑकलंडला जपानहून आलेली सीटी घेतली. गाडी सुरेख आहे, पण रेडिओवर ९० च्या पुढची स्टेशने लागत नाहीत. रेडिओ बिघडला आहे का?

उत्तर : नाही. जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० पर्यंत होता. तुमच्या गावचे आरएनझेड नॅशनल हे स्टेशन १०१.४ वर आहे. ‘बँड एक्सपांडर’ नावाची छोटी डबी एरियलच्या तारेत बसवून मिळते आणि ती वरची स्टेशने खाली सरकवून ऐकवते, मात्र आकडे चुकीचे दिसतात. मध्यम लहरींना हा त्रास नाही, त्यामुळे १३८६ वरचा रेडिओ तराना तुम्हाला आजही ऐकू येईल. रेडिओपेक्षा इंजिनात कोणते तेल आहे ते पाहा. ०डब्ल्यू-२० या प्रतीचेच हवे.

प्रश्न : मुलगी बर्मिंगहॅमहून कायमची पुण्यास येत आहे. तिची सीटी सोबत आणता येईल का?

उत्तर : येणार नाही. वापरलेली गाडी भारतात आणताना ती निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते, आणि सीटीचे उत्पादन ऑक्टोबर २०२२ मध्येच थांबले. ही मर्यादा नसती तरी आयातशुल्काने तिची किंमत अनेक पटींनी वाढली असती, आणि सुट्या भागांसाठी पुण्यात कोणाचे दार ठोठावणार? लेक्सस भारतात २०१७ पासून आहे, पण हा आकार त्यांनी येथे आणला नाही. मुलीने गाडी तिकडेच विकावी, आणि विकताना सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या, विशेषतः मोठ्या बॅटरीच्या तपासणीचा कागद, सोबत द्यावा. अशा गाडीला गिऱ्हाईक आधी तोच कागद मागते.