ड्युटी फ्री दुकानातली तूट आणि नऊ जणांचा पगार

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातला. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानात सेल्समन आहे, पण पगार मनुष्यबळ पुरवणारा कंत्राटदार देतो. स्टॉकच्या मोजणीत 1,86,300 रुपयांची तूट निघाली. ती आम्हा नऊ जणांवर सारखी वाटली आणि प्रत्येकी 20,700 रुपये तीन हप्त्यांत कापायचं ठरवलं. 6,900 चा पहिला हप्ता गेलाही. आता ‘स्वखुशीने भरपाई देतो’ अशा कागदावर सही मागताहेत. मॅनेजर म्हणतात, ड्युटी फ्री म्हणजे भारताबाहेरची जागा, इथं कामगार कायदे चालत नाहीत. सही नाही केली तर कस्टम आणि पोलीस, दोन्ही मागे लागतील. रुजू होताना सही केलेला कोरा चेकही घेतलाय. मला नोकरी सोडून बोटीवर जायचं आहे. काय करू?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. दरम्यान केली असेल, तर ती दबावाखाली झाली आणि रक्कम मान्य नाही, असं आजच्या आज ईमेलने कळवा. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

‘भारताबाहेर’ हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. बंगळूर विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली निकाल दिला, की तिथला माल कस्टमची सीमा ओलांडण्याआधीच विकला जातो, म्हणून राज्याला त्यावर विक्रीकर घेता येणार नाही. निकाल तेवढ्यापुरता, कराचा. बाटलीवर कर नाही म्हणून बाटली विकणाऱ्याला कायदा नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि जागा खरोखरच परदेशात असती, तर मॅनेजरसाहेब पोलीस कुठल्या देशाचे बोलावणार होते?

आता कस्टमची भीती. ड्युटी फ्रीचा माल ज्या गोदामात असतो त्याला सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 58अ खाली ‘विशेष गोदाम’ म्हणून परवाना लागतो. त्याला कस्टमचं कुलूप असतं, अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिथून माल हलत नाही. परवाना कुणाच्या नावावर आहे? कंपनीच्या. मालाचा ताबा सांभाळण्याची जबाबदारी कलम 73अ ने परवानाधारकावर टाकली आहे, आणि गोदामातून माल नियमबाह्य बाहेर गेला तर शुल्क, व्याज, दंड त्याच्याच डोक्यावर. सेल्समनने माल चोरून बाहेर काढला असेल तर गोष्ट वेगळी. पण मोजणीत बाटल्या कमी भरल्या म्हणून कंपनीचं शुल्क काउंटरवरच्या पोरांनी भरायचं, अशी तरतूद या कायद्यात नाही.

पगारकपातीचं उत्तर वेतन संहिता, 2019 मध्ये आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कलम 18 मालाच्या नुकसानीपोटी कपात करू देतं, पण माल त्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला हवा आणि नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे झालेलं हवं. शिवाय कलम 21 म्हणतं, कापण्याआधी त्याला कारण दाखवायची संधी द्या, आणि नुकसान झालं त्याहून जास्त कापू नका. तुमच्याकडे तीन पाळ्या, एकच काउंटर, नऊ माणसं. यात ‘तुमच्या ताब्यात’ नेमकं काय होतं? तूट नऊने भागली, यातच कबुली आहे की कुणाची चूक ते कंपनीलाच माहीत नाही. हा भागाकार कायद्यात बसत नाही. कंत्राटदार म्हणेल, निम्म्या पगारापेक्षा कमीच कापलंय. निम्म्याची मर्यादा वैध कपातीला असते, अवैध कपात त्यामुळे वैध होत नाही.

कंत्राटदाराला पत्र लिहा, प्रत दुकान चालवणाऱ्या कंपनीला. शेवटची बरोबर जुळलेली मोजणी कोणत्या तारखेची, तूट निघालेली कोणत्या तारखेची, त्यामधल्या काळात कोणत्या पाळीत कोण होतं, मोजणीच्या कागदावर कुणाच्या सह्या आहेत, हे विचारा. फुटलेल्या बाटल्या, टेस्टर म्हणून उघडलेली अत्तरं आणि प्रवाशाने परत केलेला माल वजा केला का, आणि 1,86,300 हा आकडा खरेदी किमतीचा की विक्री किमतीचा, तेही विचारा. विक्री किमतीचा निघाला, तर कंपनी आपला नफाही तुमच्या पगारातून वसूल करते आहे! त्याच पत्रात त्या काळातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा. ते पुसलं जातं, म्हणून पत्राला आठवडा लावू नका.

तुमचा पात्रांव, म्हणजे मालक, कोण, हा गोंधळ मुद्दामच ठेवलेला असतो. गोव्यात दाबोळी विमानतळ प्राधिकरणाकडे आणि मोपा खासगी कंपनीकडे, पण दोन्हीकडे साखळी सारखीच : विमानतळ चालवणारा जागा देतो, दुकानवाली कंपनी परवाना घेते, माणसं कंत्राटदार पुरवतो. (तुमचा विमानतळ कोणता ते इथं लिहीत नाही.) वेतन संहितेच्या कलम 43 प्रमाणे मालकाने वेतन दिलं नाही तर ज्या आस्थापनेत तुम्ही काम करता तिच्या मालकावर जबाबदारी येते. म्हणून कलम 45 खालच्या अर्जात कंत्राटदार आणि दुकानवाली कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा. मुदत तीन वर्षांची आहे, आणि मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत, दुकान मात्र राज्याच्या, असा वाद ते घालतीलच. म्हणून अर्ज वास्कोच्या केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे द्या आणि प्रत राज्याच्या कामगार आयुक्तांना, पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात.

पोलिसांचं. नोकराने केलेल्या विश्वासघाताचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(4) मध्ये आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण त्याला अप्रामाणिक हेतू लागतो, नुसती तूट पुरत नाही. एफआयआरआधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांतच आहे, हा गुन्हा त्यात बसत नाही. बोलावलं तर जा, वरच्या पत्राची पोच घेऊन जा, वकिलाशिवाय जबाब लिहून देऊ नका. बोटीवरच्या नोकरीसाठी पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा दाखला, लागेल, म्हणून ही लेखी बाजू आत्ताच तयार ठेवायची. गुन्हा दाखल होण्याची खरी चिन्हं दिसली, तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

चेकच्या बाबतीत बँकेत ‘स्टॉप पेमेंट’ देऊन निवांत बसू नका, त्याने चेक न वटल्याचा गुन्हा (परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138) टळत नाही. चेक तारण म्हणून दिला, कसलंही देणं नाही, परत करा, असं लेखी मागा. तरीही तो वटवायला टाकला आणि परत गेला, तर नोटीस येईल. तिच्या पंधरा दिवसांतच उत्तर गेलं पाहिजे.

राजीनामा देताना नियुक्तिपत्रातला नोटिशीचा काळ पाळा. सोडल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळं वेतन द्यावं लागतं. पीएफ तुमच्या यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावर, आहे, तो तुटीपोटी अडवता येत नाही. विमानतळाचा प्रवेश परवाना मात्र स्वतः जमा करा आणि त्याची पोच घ्या. तो तुमच्याकडे राहिला, तर त्यांच्या हाती खरीखुरी तक्रार येईल.