रांगेतला जॉब पुढे कसा सरकवायचा?

क्लस्टरच्या (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या) रांगेबद्दल आलेल्या पत्रांपैकी ही चार. चौघंही स्लर्म (कुणाचा जॉब, म्हणजे गणनेचं काम, कधी चालेल ते ठरवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे, म्हणून कमांडही स्लर्मच्याच.

प्रश्न : माझे चाळीस जॉब रांगेत आहेत. त्यातल्या एकाचा निकाल सोमवारी गाईडना दाखवायचाय. तो वर कसा चढवू? (पीएचडी विद्यार्थी, पवई)

तुम्हाला तो सहसा चढवता येणार नाही, पण उरलेले एकोणचाळीस खाली उतरवता येतील. ‘एसकंट्रोल अपडेट’मध्ये जॉबचा नंबर आणि ‘नाइस’चा आकडा द्या, तेवढे गुण प्रायॉरिटीतून (रांगेतला क्रम ठरवणाऱ्या गुणांतून) वजा होतात. उणे आकडा देऊन गुण वाढवणं फक्त अॅडमिनच्या हातात. आधी ‘एसप्रायो’ चालवून गुण पाहा. त्या एका जॉबचे गुण बाकीच्यांपेक्षा हजारांनी कमी असतील तर 100 च्या नाइसने काही हलणार नाही. आणि हो, ते एकोणचाळीस इतरांच्या जॉबच्याही मागे जातात, मग कुरकुर नको.

प्रश्न : जॉब जेमतेम दोन तासांचा. कमी पडायला नको म्हणून वेळ तीन दिवसांची मागितली. चार दिवस झाले, ‘प्रायॉरिटी’ एवढंच कारण दिसतंय. (एमएस्सी विद्यार्थिनी, कलिना)

इथेच घोडं पेंड खातंय! समजा, पुढच्या मोठ्या जॉबला 16 नोड (क्लस्टरमधले संगणक) हवेत, 10 मोकळे आहेत आणि उरलेले रात्री नऊला सुटतील. तोवर ते 10 रिकामेच. ही फट लहान जॉबनी भरायची, पण मोठ्याला उशीर होऊ द्यायचा नाही, याला बॅकफिल म्हणतात. दादरला लोकलमध्ये चढलात आणि एक सीट ठाण्याला चढणाऱ्यासाठी राखलेली आहे असं समजा. ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नाला कुर्ला म्हणणारी बसते. तुम्ही उतरणार कुर्ल्यालाच, पण सांगताय कर्जत!

रांगेतल्या जॉबची वेळ तुम्ही स्वतः कमी करू शकता, त्यासाठी तो रद्द करू नका. त्याच ‘अपडेट’मध्ये ‘टाइमलिमिट’ तीन तास करा. नेमके दोन नकोत, कारण मर्यादा संपली की स्लर्म जॉब मारतो, आणि एकदा कमी केलेली वेळ वाढवायला अॅडमिनचे पाय धरावे लागतात. आमच्याकडे एकाने 72 तासांचे 4 केले आणि चहा घेऊन येईपर्यंत जॉब सुरू झालेला. दर वेळी असं होईलच असं नाही. फट असायला हवी. अंदाज ‘एसक्यू --स्टार्ट’ देतं, पण पुढचे जॉब लवकर संपले की तोही बदलतो.

प्रश्न : सरांच्या आग्रहाखातर एका जॉबची प्रायॉरिटी मी थेट आकड्याने लिहिली. आता ती हलतच नाही. (अॅडमिन, माटुंगा)

हलणार नाहीच. हाताने आकडा लिहिला की स्लर्म त्या जॉबचा हिशोब सोडून देतो. ‘होल्ड’ करून ‘रिलीज’ करा, हिशोब पुन्हा सुरू होईल. सरांचा आग्रह नेहमीचाच असेल तर वेगळा क्यूओएस (स्वतःची प्रायॉरिटी आणि मर्यादा असलेला वर्ग) काढून द्या आणि त्यावर जॉबची संख्या बांधून टाका.

प्रश्न : आधीच्या जॉबवर अवलंबून असलेला जॉब आठवडाभर थांबलाय, तरी वयाचे (रांगेत थांबल्याबद्दल मिळणारे) गुण शून्य? (वाचक, ठाणे)

आधीचा जॉब संपेपर्यंत तुमच्या जॉबचं वय मोजलंच जात नाही. अॅडमिनने ‘अक्रू ऑलवेज’ लावलं असेल तरच मोजतात, विचारून पाहा.